रूळ जुने, गाडी नवी : टांगत्या रोलर कोस्टरच्या सुरक्षेची कथा

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लेख द्यायचा म्हटले की लेणी, शिलालेख किंवा एखादा सत्याग्रह यांपैकी काहीतरी वाचावयास मिळणार, असा वाचकांचा समज असतो आणि तो बहुधा खराही ठरतो. या खेपेस मात्र आम्ही रोलर कोस्टरचा विषय निवडला आहे. गेल्या काही वर्षांत निवासी शाळांच्या सहली किल्ल्यांबरोबरच करमणूक उद्यानांकडेही वळू लागल्या आहेत. संमतिपत्रावर पालक सही करतात, क्वचित अंगठा उमटवतात, तेव्हा ते आपले मूल केवळ शिक्षकांच्या हवाली करीत नाहीत. काही मिनिटांपुरते ते एका लोखंडी दांड्याच्याही हवाली करतात. तो दांडा कसा धरतो, तो कोणाच्या शरीराचे माप घेऊन घडवलेला असतो आणि यंत्र जुने झाले म्हणजे तो बदलतात की नाही, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

यासाठी आम्ही रोलर कोस्टरच्या एका विशिष्ट जातीचा इतिहास घेतला आहे. ती जात टांगत्या गाड्यांची. नेहमीच्या रोलर कोस्टरमध्ये आगगाडीप्रमाणे रूळ खाली आणि डबे वर असतात. टांगत्या प्रकारात रूळ डोक्यावर असतो, चाके त्या रुळाला वरून, खालून आणि बाजूने धरून धावतात आणि डबा त्या चाकांना खाली लटकलेला असतो. यातही दोन पोटजाती आहेत व त्यांची गल्लत करून चालत नाही. पहिलीत डबा बिजागरीवर टांगलेला असल्याने वळणावर झोपाळ्यासारखा दोन्ही बाजूंना झुलतो. दुसरीत आसने चाकांच्या सांगाड्याला ताठ जोडलेली असतात. ती झुलत नाहीत, परंतु रुळाबरोबर पूर्ण उलटी होतात आणि प्रवाशाचे पाय हवेत मोकळे लोंबतात.

झुलणाऱ्या गाडीमागचे तत्त्व मोठे मनोहर आहे. एसटीत उभे राहून घाट चढणाऱ्या प्रवाशाला वळणावर बाहेरच्या बाजूस ढकलल्यासारखे वाटते आणि तो आधाराचा दांडा घट्ट धरतो. टांगत्या डब्यात बसलेल्या प्रवाशाला असा आडवा धक्का जवळजवळ जाणवत नाही, कारण डबाच बाहेरच्या बाजूस कलतो आणि तो जोर सरळ बैठकीत उतरतो. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी हिशेब करून दाखवला. ताशी ५४ किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचे वळण घेताना मोकळेपणी झुलणारा डबा उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंश कलेल आणि आत बसलेल्याला आपले वजन दीडपट झाल्यासारखे वाटेल. मात्र तो बाजूला घसरणार नाही. बादलीत पाणी घेऊन ती गरगर फिरवली तरी पाणी सांडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

परंतु झोपाळा सांभाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते की झोपाळ्याचे खरे दुखणे पाटात नसून कड्यांत असते. पाट पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कडीचा आतला भाग मात्र झिजत झिजत पातळ होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. टांगत्या रोलर कोस्टरचा सगळा इतिहास या कडीभोवती फिरतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या किंग्ज आयलंड या उद्यानात १९८१ साली 'द बॅट' नावाची झुलणारी गाडी सुरू झाली. ती ॲरो या कंपनीने बांधली होती. याच कंपनीने १९५९ साली डिस्नेलँडमध्ये पोलादी नळ्यांच्या रुळावर धावणारा 'मॅटरहॉर्न' उभारून रोलर कोस्टरच्या तंत्रात क्रांती केली होती, त्यामुळे अनुभव कमी होता असे म्हणता येत नाही. तरीही 'द बॅट' दोन-तीन हंगामांतच, १९८३ साली, बंद पडली आणि पुढे मोडीत काढली गेली. डबा आपोआप कलतोच आहे, मग रूळ कशाला कलता करायचा, असा विचार रचनाकारांनी केला असावा. तथापि सपाट रुळावर वेगाने वळण आले की डबा एकदम बाजूला फेकला जाई आणि तो सारा हिसका टांगणीच्या सांध्यांवर व झोके आवरणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरवर येई. दुरुस्तीला अंत राहिला नाही.

ॲरोने त्यातून धडा घेतला. १९८४ साली ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्डमध्ये 'एक्सएलआर-८' आणि व्हर्जिनियातील बुश गार्डन्समध्ये 'बिग बॅड वुल्फ' अशा दोन गाड्या आल्या. त्यांचे रूळ वळणांवर योग्य तेवढे कलते केलेले होते. त्या चालल्या आणि लोकप्रियही झाल्या. पाठोपाठ १९८७ मध्ये सीडर पॉइंट येथे 'आयर्न ड्रॅगन', १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात 'निन्जा' आणि १९९० मध्ये लंडनजवळच्या चेसिंग्टन येथे 'व्हॅम्पायर' उभी राहिली. जपान आणि दक्षिण कोरियातही एकेक गेली. किंग्ज आयलंडने १९९३ मध्ये पुन्हा धाडस करून नवी झुलणारी गाडी आणली. तिची नावे दोनदा बदलली आणि २०१४ पासून ती 'द बॅट' याच नावाने ओळखली जाऊ लागली. अपयशी पूर्वजाचे नाव वंशजाला द्यावे, हा प्रकार राजघराण्यांतही फार आढळत नाही.

मग १९९२ साली शिकागोजवळच्या एका उद्यानात 'बॅटमॅन द राइड' आली. बी अँड एम या स्विस कंपनीने ती केली होती. ही दुसऱ्या जातीची, ताठ आसनांची आणि उलटी होणारी. तिने झुलणाऱ्या गाड्यांचा बाजार उठवला. दोन वर्षांत नेदरलँड्सच्या व्हेकोमा कंपनीने याच कल्पनेची थोड्या जागेत मावणारी आवृत्ती काढली. १९९४ मध्ये नेदरलँड्समधीलच वालिबी उद्यानात पहिली गाडी सुरू झाली आणि मग एकाच आराखड्याच्या गाड्या जगभर विकल्या गेल्या. रुळाची लांबी ६८९ मीटर, उंची सुमारे ३३ मीटर, पाच उलटापालटी, ताशी ८० किलोमीटर वेग आणि एका गाडीत वीस प्रवासी. हे आकडे आम्ही मुद्दाम दिले, कारण जुन्या गाड्या सुधारण्याचा प्रश्न आज ज्यांच्याबाबतीत पुनःपुन्हा उभा राहतो, त्यांत या आराखड्याचा वाटा मोठा आहे.

आता त्या दांड्याकडे वळू. आपली मुले त्याला 'लॉक' म्हणतात. जुन्या गाड्यांत त्याचे दोन प्रकार असत. एक म्हणजे मांडीवर येणारा आडवा दांडा. दुसरा म्हणजे डोक्यावरून खाली येऊन खांदे आणि छाती धरणारे जाड जोखड. बैलाच्या मानेवर जू चढवावे तसे. 'आयर्न ड्रॅगन'सारख्या सौम्य गाडीला मांडीवरचा दांडा पुरला. जिथे शरीर उलटे होणार तिथे जोखड आले.

दांडा अडकवण्याची जुनी पद्धत खटक्याची होती. जीपचा हॅन्डब्रेक ओढताना कट्‌कट्‌ आवाज येतो, तो दातेरी पट्टीत खटका एकेक दाता पुढे सरकल्याचा. रोलर कोस्टरच्या दांड्यातही अशीच दातेरी पट्टी असे. ही रचना भरवशाची खरी, परंतु तीत दोन उणिवा आहेत. शरीराचे माप दोन दात्यांच्या मधे कोठेतरी असते. दांडा एक तर किंचित सैल राहतो नाहीतर किंचित जास्त दाबतो. शिवाय प्रवासात शरीर खाली दबले की दांडा आणखी एक दाता उतरतो आणि मग शेवटपर्यंत पोट आवळलेले राहते. नव्या रचनेत दात्यांऐवजी तेलाने भरलेली नळी आणि दट्ट्या असतो. पिचकारीत पाणी भरून तोंडावर बोट दाबून धरले तर दट्ट्या जागचा हलत नाही. त्याच तत्त्वावर झडप बंद झाली की दांडा असेल त्या जागी थांबतो. माप दात्यांत मोजावे लागत नाही. एक नळी निकामी झाली तर दुसरी धरून ठेवावी म्हणून जोडी बसवतात आणि वीज गेली तरी दांडा बंदच राहील अशी योजना असते.

जुन्या अनेक गाड्यांत शेजारी बसलेल्या दोघांना मिळून एकच दांडा असे. हा तपशील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धिप्पाड वडिलांशेजारी दहा वर्षांचे किडकिडीत मूल बसले, तर दांडा वडिलांच्या मांडीला टेकून थांबणार. मुलाच्या मांडीवर वीतभर पोकळी उरणार. यंत्राच्या दृष्टीने दांडा बंद झालेला आहे, दिवा हिरवा आहे. मूल मात्र बांधलेले नाही. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने मनाशी एक 'माणूस' धरलेला असतो. त्याची उंची, पोटाचा घेर, मांडीची जाडी, दोन धड पाय हे सारे गृहीत असते. त्या मापात बसणाऱ्यासाठी दांडा हे संरक्षण आहे. न बसणाऱ्यासाठी तो केवळ दांडा आहे.

याची किंमत प्रत्यक्षात मोजावी लागलेली आहे. पुढील दोन्ही घटना टांगत्या नव्हेत, नेहमीच्या बैठ्या गाड्यांतील आहेत. परंतु बंधांचा विचार त्या वगळून होऊ शकत नाही. १ मे २००४ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका उंच रोलर कोस्टरवरून पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ शेवटच्या वळणाजवळ फेकले गेले आणि मृत्यू पावले. ते बांध्याने जाड होते, त्यांना सेरेब्रल पाल्सीचा विकार होता. त्यांच्या पोटामुळे दांडा मांडीपर्यंत पोहोचलाच नव्हता आणि कर्मचाऱ्यांनी तो नीट पडताळला नाही, असे चौकशीत दिसून आले. पुढे त्या गाडीची बंधने बदलण्यात आली. जुलै २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याच कंपनीच्या तशाच गाडीवरून इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक तरुण सैनिक खाली पडून मरण पावला. दोन्ही पाय असल्याशिवाय बसू नये, अशी सूचना लिहिलेली होती. तरी त्याला बसू दिले गेले, कारण एका वीराला नकार देणे कोणालाही जड गेले असते. मांड्या धरणाऱ्या दांड्याला मात्र धरण्यासारखे काही नव्हते.

असे असताना जुन्या गाड्यांची बंधने सरसकट बदलली का जात नाहीत? याचे उत्तर केवळ पैशात शोधणे अपुरे ठरेल.

अमेरिकेत या क्षेत्राचे मानदंड ठरवणारी समिती १९७८ साली स्थापन झाली आणि रचनेविषयीचे तिचे सविस्तर मानक २००३ मध्ये आले. युरोपचे मानक २००४ चे, पुढे २०१९ मध्ये सुधारलेले. अमेरिकी मानकात शरीरावर येणाऱ्या जोरांनुसार बंधनांचे पाच वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गात बंधनाची गरजच नाही. पाचव्या वर्गात प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र बंधन, एक निकामी झाल्यास दुसरे धरील असे लॉक आणि बंधन खरोखर बंद झाले आहे हे यंत्रणेला कळवणारी सोय लागते. मात्र ही अट प्रामुख्याने नव्या यंत्रांना आणि मोठा फेरबदल झालेल्या यंत्रांना लागू होते. १९८७ ची गाडी मूळ स्वरूपात, नीट देखभालीत चालत असेल तर ती दीर्घ वापराने सिद्ध झालेली मानली जाऊ शकते.

इतकी वर्षे चालत आले म्हणून ते योग्य, हा युक्तिवाद इतिहासाच्या विद्यार्थ्यास नवा नाही. तरीही तो उडवून लावण्याजोगाही नाही, हे मान्य केले पाहिजे. कागदावरच्या हिशेबापेक्षा तीस वर्षांची निर्धोक सेवा हा अधिक भक्कम पुरावा आहे. आमची शंका वेगळी आहे. त्या तीस वर्षांच्या नोंदीत कोण आले? जे मापात बसले ते आले. जे दारावरूनच परत पाठवले गेले, किंवा जे नशिबाने सैल दांड्यातूनही सुखरूप उतरले, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

आणि फेरबदल करायचा ठरवला तरी तो सोपा नसतो. केवळ दांडा काढून नवा बसवता येत नाही, कारण दांड्याचा जोर आसनावर, आसनाचा सांगाड्यावर आणि सांगाड्याचा टांगणीवर जातो. बहुतेकदा पूर्ण गाडीच नवी करावी लागते. नवी गाडी जड झाली तर जुन्या रुळावर, खांबांवर आणि पायांवर मूळ हिशेबापेक्षा जास्त भार येतो. हलकी झाली तर एखाद्या चढावर वेग मरून ती मधेच अडकण्याची भीती. गुरुत्वमध्य बोटभर खालीवर झाला तरी झोका बदलतो. डब्याचा तळ काढून पाय मोकळे सोडले तर पाय पोहोचतील तेवढी जागा चहूबाजूंनी रिकामी असावी लागते. खांब, झाडाची फांदी, बोगद्याची भिंत, सगळे पुन्हा मोजावे लागते. साखळी पकडणारा आकडा, उतारावर मागे घसरू न देणारा खटका, ब्रेकमध्ये शिरणारी पट्टी, गाडी कोठे आहे हे सांगणारे संवेदक हे सर्व जुन्या रुळाशी जुळले पाहिजेत. जुन्या वाड्याला नवे दार बसवताना चौकट, उंबरा आणि भिंत कशी एकापाठोपाठ एक बोलू लागते, ते ज्यांनी अनुभवले असेल त्यांना याची कल्पना येईल.

दरम्यान जुनी गाडी थांबून राहत नाही. तार मागेपुढे वाकवत राहिले की ती एका क्षणी तुटते. प्रत्येक वाकण्याने तिच्यात दिसणार नाही असा सूक्ष्म तडा वाढत असतो. टांगणीच्या भुजेला दिवसाकाठी शेकडो झोके बसतात. म्हणून युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत हिवाळ्यात उद्याने बंद असताना गाड्या सुट्या करतात, महत्त्वाच्या भागांवरचा रंग खरवडून काढतात आणि चुंबकीय भुकटीने, भेगेत शिरणाऱ्या रंगद्रव्याने किंवा सोनोग्राफीच्या तत्त्वावरील ध्वनिलहरींनी तडे शोधतात. आपल्या शाळेतून आयटीआयला जाऊन फिटर, वेल्डर झालेल्या माजी विद्यार्थ्यांना हे काम किती चिकाटीचे असते ते आम्ही सांगावयास नको. आपल्या हवेत असा सक्तीचा हिवाळा नसतो. त्याऐवजी पावसाळा असतो, आणि तो गंज घेऊन येतो.

तडा सापडला तर सुटा भाग हवा. येथे झुलणाऱ्या गाड्यांची मोठी पंचाईत झाली. ॲरो कंपनी २००१ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि पुढल्या वर्षी तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीने घेतली. नव्या झुलणाऱ्या गाड्यांना मागणी राहिलेली नव्हती. मूळ रचनाकार विखुरलेले, सुट्या भागांचा बाजार नाही. अशा स्थितीत 'बिग बॅड वुल्फ' आणि 'व्हॅम्पायर' या दोन भावंडांचे नशीब कसे वेगळे झाले, ते पाहण्यासारखे आहे.

'बिग बॅड वुल्फ' सप्टेंबर २००९ मध्ये बंद झाली. तिचे सेवाआयुष्य संपले आहे, असे उद्यानाने स्पष्ट सांगितले. पंचवीस वर्षे चाललेली, शेवटी नदीच्या दिशेने झेपावणारी ही गाडी त्या भागातील लोकांची आवडती होती. ती बंद करताना हळहळ झाली आणि कुणी आंदोलनाचीही भाषा केली असेल. तरी यंत्र थकले असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा आम्हांस मोलाचा वाटतो. २०१२ मध्ये त्या जागी दुसरी गाडी आली.

चेसिंग्टनने दुसरा मार्ग धरला. 'व्हॅम्पायर'चे मूळ डबे वटवाघळाच्या आकाराचे होते आणि झाडांच्या शेंड्यांवरून ते झुलत जात. रूळ आणि खांब ठेवून उद्यानाने गाड्या मात्र व्हेकोमाकडून नव्या करून घेतल्या, आणि २००२ च्या हंगामात तीच गाडी नव्या देहाने धावू लागली. नव्या डब्यांना तळ नव्हता. पाय मोकळे लोंबू लागले. वटवाघळाचा आकार गेला याचे जुन्या चाहत्यांना वाईट वाटले. परंतु ज्या भागाशी शरीराचा संबंध येतो आणि जो भाग झोक्याचा मार खातो, तोच तेवढा बदलून बाकीचे शाबूत ठेवता येते, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

ताठ आसनांच्या व्हेकोमा गाड्यांचे दुखणे वेगळे होते. तेथे जोखड सैल नव्हते, उलट फार ताठ होते. गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झटक्यात वळली की डोके एकदा डाव्या, एकदा उजव्या कडेवर आपटे. कान लाल होऊन उतरणारे प्रवासी ही या गाड्यांची ओळखच झाली. जीव वाचवणारे साधनच इजा करीत असेल तर काय करावे? उत्तर असे निघाले की शरीर धरायचे ते कमरेशी आणि मांडीशी, तर खांद्यावर केवळ मऊ, जाकिटासारखी लवचीक पट्टी ठेवायची. डोक्याभोवती कठीण काही उरू द्यायचे नाही. व्हेकोमाने पुढे अशा मऊ बंधांच्या गाड्या काढल्या. अमेरिकेत केंटकी किंग्डम येथे १९९५ साली आलेली 'टी-२' उद्यानासह काही वर्षे बंद राहिली आणि २०१५ मध्ये कुम्बाक या डच कंपनीच्या नव्या गाड्या लावून 'टी-३' म्हणून परतली. नाव बदलण्यामागे जाहिरात असतेच, पण येथे नावाबरोबर आसनही बदलले होते.

सर्वत्र तसे घडत नाही. इंग्लंडमधील साउथपोर्टचे उद्यान २००६ मध्ये बंद झाल्यावर तेथील १९९९ ची टांगती गाडी उचलून ब्लॅकपूलला नेली गेली आणि २००७ मध्ये नव्या नावाने सुरू झाली. त्यात गैर काही नाही. अशी यंत्रे एका देशातून दुसऱ्या देशातही जातात. तथापि रंग आणि पाटी पाहून यंत्राचे वय कळत नाही, एवढे पालकांनी ध्यानात ठेवावे. 'आयर्न ड्रॅगन'च्या प्रवाशांना २०१६ मध्ये संध्याकाळच्या वेळी डोळ्यांवर आभासी दृश्यांचे चष्मे देऊन पाहिले गेले. जुन्या गाडीला नवेपणा देण्याचा हाही एक मार्ग. आमच्या मते जुन्या घराला रोषणाई केली म्हणून वासे नवे होत नाहीत.

महाराष्ट्रात खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ पासून 'नायट्रो' ही मोठी रोलर कोस्टर आहे. ती टांगती नाही, पण तिच्या आसनांखाली तळ नाही, आणि ती 'बॅटमॅन द राइड' बनवणाऱ्या बी अँड एम याच कंपनीची आहे. आपल्या राज्यातील मुलांना पाय मोकळे सोडून उलटे होण्याचा अनुभव तिने दिला. टांगणीचा प्रश्न मात्र आपल्याकडे रोलर कोस्टरपेक्षा झुलत्या पाळण्यांत अधिक तीव्र आहे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून कोसळला. दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तेथे लोक बांधलेलेच होते. ज्याला ते बांधलेले होते, तेच तुटले. म्हणून बंधन आणि टांगणी यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

सहलीला जाणाऱ्या मुलांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे थोडेसे येथेच सांगतो. दांडा हिरव्या दिव्यापर्यंत नव्हे, तर मांडीपर्यंत खाली आला पाहिजे. मांडी आणि दांडा यांच्यामध्ये पिशवी, जाड जाकीट किंवा पाण्याची बाटली असता कामा नये. कर्मचाऱ्याने प्रत्येक दांडा हाताने ओढून पाहिला नाही तर हात वर करून त्याला बोलवावे, लाजू नये. कित्येक उद्यानांत रांगेच्या तोंडाशी नमुन्याचे आसन ठेवलेले असते. शरीर बसते की नाही ते तेथे बसून पाहता येते, चारचौघांत उतरण्याची वेळ येत नाही. उंचीच्या पट्टीवर टाचा उचलून उभे राहणाऱ्या मुलाचे कौतुक करू नये. ओढणी आणि मोकळी वेणी आत खोवावी. टांगत्या गाडीत बसताना चप्पल काढून ठेवावी, ती खाली कोणाच्या तरी डोक्यावर पडते. आणि एखाद्या मुलाला वा शिक्षकाला शरीराच्या मापामुळे नकार मिळाला, तर त्याची थट्टा होणार नाही हे पाहणे सोबतच्या शिक्षकांचे काम आहे. उणीव आसनात आहे, त्याच्यात नाही.

नवी गाडी तयार झाली म्हणजे ती लगेच लोकांसाठी खुली होत नाही. आधी ती रिकामी धावते. मग आसनांवर वाळूच्या गोण्या किंवा पाण्याने भरलेले मानवाकृती पुतळे बसवून, कधी पूर्ण भरून तर कधी एकाच बाजूला वजन ठेवून, पुनःपुन्हा फिरवतात. वेग, झोके आणि जोर यांची नोंद होते. 'व्हॅम्पायर'चे मूळ वटवाघळी डबे १९९० पासून जेमतेम बारा वर्षे टिकले होते. त्यांच्या जागी २००२ साली आलेल्या 'नव्या' गाड्यांनी त्याच्या दुपटीएवढा काळ आता मागे टाकला आहे, आणि त्यांच्याही कड्या दर हिवाळ्यात उघडून पाहाव्या लागतात.